चौथ्या प्रकरणावरची फुली

३ जानेवारी

प्रिय ताई,

नमस्कार. सोबत जाडजूड पाकीट आहे. वजन बघून घाबरू नकोस, निम्मं वजन चित्रांचं आहे. माझं बारावं पुस्तक, 'विश्वाची चादर'.

नियम तुला पाठ आहेच, पण तो लिहिल्याशिवाय मला पाकीट चिकटवता येत नाही. वाचताना जिथे डुलकी लागेल तिथे पेन्सिलीने फुली मारायची. का लागली ते मी विचारायचं नाही, तू सांगायचं नाही. मी फुलीचा मजकूर डोळे झाकून कापणार. अकरा पुस्तकं अशीच झाली आणि अकराही खपली. संस्थेतले माझे जुने सहकारी म्हणतात, हा शास्त्रज्ञ बहिणीच्या झोपेवर जगतो. म्हणोत बापडे. त्यांचे लेख वाचताना ते स्वतःच झोपतात.

प्रकाशकांनी मुखपृष्ठावरचं तुझं वाक्य या वेळी आणखी मोठं केलंय. 'ताईंना कळलं, तुम्हालाही कळेल!' माझं नाव त्याच्या खाली, जरा बारीक.

एक गंमत मात्र आहे. चादरीचा परिच्छेद आला की तुला हटकून डुलकी लागते. अकराच्या अकरा वेळा. बाकी सगळ्या फुल्या मी पाळल्या, ही एक कधीच पाळली नाही, कारण व्याख्यानात नेमक्या त्याच जागी टाळ्या पडतात. रस्त्यात लोक मला 'चादरवाले सर' म्हणतात. तेव्हा या खेपेला मी परिच्छेदाचं अख्खं प्रकरण केलंय, चौथं, आणि इतकं चटपटीत लिहिलंय की झोपायची तुझी बिशाद नाही. चार जणांनी ताणून धरलेली चादर, मधोमध जड चेंडू, तो सूर्य. चादरीला खळगा पडतो. मग एक गोटी सोडायची, ती खळग्याभोवती गरगर फिरते, ती आपली पृथ्वी. झालं गुरुत्वाकर्षण!

प्रकाशक प्रत्येक प्रतीबरोबर खरी चादर फुकट देणार आहेत, निळी, चांदण्यांची. बारा हजार चादरी गोदामात येऊन पडल्यात. प्रकाशन वीस मार्चला. संस्था सोडून मला सहा वर्षं झाली, आता माझं म्हणून जे काही आहे ते हे पुस्तकच. तेव्हा लवकर वाच.

भाऊजींचा राग गेला का? पाचव्या पुस्तकात मी लिफ्टचा दोर तोडून आतला माणूस तरंगवला, तेव्हापासून ते माझ्याशी हवापाण्याचंच बोलतात. त्यांना म्हणावं, तो काल्पनिक लिफ्टमन होता.

तुझा,
धाकटा


१२ जानेवारी

धाकट्या,

आशीर्वाद. पाकीट पोचलं. पहिली तीन प्रकरणं छान आहेत, दोन फुल्या आहेत, बघ. चौथ्या प्रकरणावर मात्र पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत एकच मोठी फुली मारली आहे. पेन्सिल लहान पडली म्हणून कापडावर आखायचा खडू वापरला.

तू विचारायचं नाही आणि मी सांगायचं नाही हे खरं, पण तू परिच्छेदाचं प्रकरण केलंस, तर मीही जरा लांबण लावते.

चेंडूने चादर खाली गेली. का गेली? चेंडूला वजन आहे म्हणून. वजन का आहे? खालून पृथ्वी ओढते म्हणून. म्हणजे ओढण्याचं कारण सांगायला तू आधी ओढणारा खाली बसवलास. माझ्या गिऱ्हाइकाने विचारलं, बाई, शर्ट कसा शिवतात, आणि मी म्हटलं, आधी एक शिवलेला शर्ट घ्या, तर तो मला काय म्हणेल?

मी उगाच बोलत नाही. करून बघितलं. दुकानात चादर ताणून धरली. एका टोकाला समोरचा किल्लीवाला, दुसऱ्याला पोस्टमन, तिसऱ्याला पँट आखूड करायला आलेले बँकेचे साहेब, चौथ्याला मी. चेंडू म्हणून इस्त्री ठेवली. किल्लीवाला म्हणाला, हे वर अवकाशात नेलं तर इस्त्री चादरीवर बसणारच नाही, तरंगेल. पोस्टमन तासभर उभा राहिला आणि त्या दिवशी गल्लीला टपाल मिळालं नाही.

आणखी एक. तू आयुष्यात कापड कापलेलं नाहीस हे दिसतं. सुती चादर उभ्या-आडव्या धाग्यावर ताणत नाही, तिरकी, उरेब ताणते. त्यामुळे खळगा गोल पडत नाही, चार कोपरे येतात. तुझी पृथ्वी चौकोनी फिरेल.

तुझ्या भाऊजींचा राग आहे तसाच आहे. ते म्हणतात, एकतीस वर्षांत माझ्या लिफ्टचा दोर तुटला नाही, काल्पनिकसुद्धा नाही.

तुझी,
ताई


१७ जानेवारी

प्रिय ताई,

तुझं पत्र वाचून मी आधी हसलो, मग पाणी प्यालो, मग हसू येईना.

अगं, ती उपमा आहे. उपमा ताणायची नसते. कुणाला आपण वाघ म्हटलं तर त्याची शेपूट शोधत बसतो का? चादर म्हणजे खरी चादर नव्हे. (ती फुकट मिळणार आहे ती खरी आहे, पण ते वेगळं.) उभा धागा, आडवा धागा, इस्त्री, हे काय चाललंय? बँकेच्या साहेबांना तू विश्वाचं एक टोक धरायला लावलंस?

आणि मुख्य मुद्दा. तुला चौथ्या प्रकरणात डुलकी लागली का? नाही लागली. डुलकी लागलेल्या माणसाला चौकोनी पृथ्वी दिसत नाही. मग फुली कशी? फुली झोपेची असते, शंकेची नसते. शंका काढायला माझ्याकडे पंडित पुष्कळ आहेत. ताई, रागावू नकोस, पण तुझं काम झोपण्याचं आहे. तू शंका काढायला लागलीस तर झोपायचं कुणी?

तीनशे व्याख्यानांत चादर दाखवली, एकानेही 'खाली कोण ओढतं' असं विचारलं नाही. फुली खोडून पाठव. खडू पुसला जातो ना?

तुझा,
धाकटा


२४ जानेवारी

धाकट्या,

खडू पुसला जातो. मी पुसणार नाही.

'तुझं काम झोपण्याचं' हे वाक्य मी दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचलं नाही, कारण समोर कोट होता आणि तो संध्याकाळी द्यायचा होता. तुला वाटतं तसं मला वाईट वाटलं नाही, त्याहून जास्त वाटलं. पण ते राहू दे.

सोबत कापडाचा तुकडा पाठवते. त्याला मध्ये टक्स घेतली आहे. टक्स तुला ठाऊक नसेल, जन्मभर अंगात घालून फिरलास तरी. सपाट कापड माणसाच्या अंगाला बसत नाही, कारण माणूस सपाट नसतो. म्हणून कापडाची एक पाचर चिमटीत धरायची, टोकाकडे निमुळती, आणि शिवून टाकायची. सपाट कापड फुगतं. खालून कुणी ओढत नाही, वरून कुणी दाबत नाही. नुसतं मधलं थोडं कापड नाहीसं झालेलं असतं.

आता शिवण्याआधी मी काय केलं ते बघ. कापड सपाट असताना खडूने दोन सरळ रेघा मारल्या, एकमेकींना समांतर, एक टक्सच्या टोकाच्या डावीकडून, एक उजवीकडून. पट्टी लावून मारल्या, त्यात लबाडी नाही. मग टक्स शिवली. आता त्याच रेघांवरून बोट फिरव. टोकापर्यंत दोघी समांतर जातात, आणि टोक ओलांडलं की जवळ येत येत शिवणीवर भेटतात. एकही वाकली नाही. कुणी कुणाला ओढलं नाही. दोघी आपापल्या वाटेने सरळ चालत होत्या, तरी भेटल्या.

मला वाटतं सूर्य तेच करतो. टक्स घेतो.

हे मी किल्लीवाल्याला सांगितलं, त्याला कळलं. बँकेच्या साहेबांना त्यांच्याच पँटीवर दाखवलं, त्यांनाही कळलं, पण पँट घट्ट झाली. आता दुकानात माणसं कपडे घेऊन येतात आणि टक्स बघून जातात. काम तुंबलंय. चूक तुझी आहे, अकरा पुस्तकं वाचायला तूच दिलीस.

फुली आहे तिथेच आहे.

ताई


२ फेब्रुवारी

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार. आपल्या बंधूंच्या अकरा पुस्तकांसाठी आमच्या प्रकाशन संस्थेच्या 'सामान्य वाचक' या पदावर आपण केलेल्या निद्रेबद्दल आम्ही सदैव कृतज्ञ आहोत.

तथापि, आपणास अलीकडे विषय समजू लागल्याची तक्रार कार्यालयाकडे आली आहे. शहानिशा करण्यासाठी आमचा प्रतिनिधी शर्टाला बटण लावून घेण्याच्या निमित्ताने आपल्या दुकानात येऊन गेला. तो परत आल्यापासून कार्यालयात सर्वांना वक्र अवकाश समजावून सांगत आहे आणि कामाचा खोळंबा होत आहे.

मुखपृष्ठावर 'ताईंना कळलं' असे छापावयाचे असल्याने, ताईंना आधी काहीच कळत नसणे आवश्यक आहे, हे आपण जाणताच. सोबत चार प्रश्नांची प्रश्नावली जोडली आहे. दोनपेक्षा अधिक उत्तरे बरोबर आल्यास आपणास नाइलाजाने पदमुक्त करावे लागेल. कृपया मनापासून चुका कराव्यात ही विनंती.

आपला नम्र,
प्रकाशक


८ फेब्रुवारी

प्रकाशकांना,

उत्तरं अशी.

सरळ रेघ म्हणजे काय? कापडावर अवलंबून आहे.

पृथ्वी सूर्याभोवती का फिरते? ती बिचारी सरळच चालली आहे. टक्स सूर्याने घेतली आहे.

आपणास रोज किती तास झोप लागते? काम असलं की पाच, नसलं की सात. हा प्रश्न भौतिकशास्त्राचा आहे की चौकशीचा?

आपण सामान्य आहात का? तुमची प्रश्नावली येईपर्यंत होते.

तुमच्या प्रतिनिधीने बटण दुसऱ्या शर्टाचं आणलं होतं. बदलून ठेवलंय, घेऊन जायला सांगा.

ताई


२१ फेब्रुवारी

प्रिय धाकटे राव,

आशीर्वाद. मी कधी पत्र लिहीत नाही हे तुला माहीत आहे. पण प्रकाशकांनी तुझ्या ताईला पदमुक्त केलं, सन्मानचिन्ह म्हणून एक निळी चादर पाठवली, आणि तिच्या जागी मला नेमलं. घरात दुसरं कुणी नाही म्हणून. मी म्हटलं, मी जन्मात पुस्तक वाचलेलं नाही. ते म्हणाले, अशीच माणसं दुर्मीळ झाली आहेत.

नेमून दिलेलं काम मी चोख करतो. लिफ्टमध्ये होतो तेव्हाही मजला कधी चुकला नाही. तेव्हा झालं ते खरं खरं कळवतो.

मुखपृष्ठावर झोप लागली. फुली मारली. अनुक्रमणिकेवर दोनदा लागली, दोन फुल्या. 'ताईस' एवढं एकच लिहिलेलं पान आहे, ते झोप लागायच्या आत संपलं. पहिलं प्रकरण बसून वाचलं, झोपलो. दुसरं उभं राहून वाचलं, दारावर आपटलो, फुली दारावरही पडली आहे. चौथं प्रकरण तुमची चादर अंगावर घेऊन वाचायला घेतलं ही माझीच चूक झाली, त्यात एक पूर्ण दिवस गेला.

सातव्या प्रकरणात तू पुन्हा लिफ्टचा दोर तोडलास, तेवढी दोन पानं मी टक्क जागा होतो. लिफ्टला एक दोर नसतो, धाकटे राव. पाच-सहा असतात, आणि ते सगळे तुटले तरी ब्रेक असतो. हे मी समासात लिहिलंय.

तुझी ताई माझ्याशी बोलते, जेवते, काम करते. पण टपालाची वेळ झाली की मशीन थांबवते. पोस्टमन पुढे गेला की पुन्हा चालू करते. मला भौतिकशास्त्र कळत नाही, हे कळतं.

भाऊजी


२७ फेब्रुवारी

प्रिय ताई,

तुझ्या पत्रानंतर पाच आठवडे मी लिहिलं नाही. तूही लिहिलं नाहीस, पण तुझ्याकडे कारण होतं.

पुस्तक किती पानांचं राहिलंय सांगू? तीन. नियमाप्रमाणे भाऊजींच्या फुल्यांचा सगळा मजकूर कापला. आता 'ताईस' हे एक पान आणि लिफ्टची दोन. ती दोन पानं वाचनीय आहेत, पण भाऊजींच्या समासातल्या टिपांमुळे.

मला वाटलं प्रकाशक डोक्याला हात लावतील. ते खूश आहेत. म्हणाले, सर, नाहीतरी मुख्य माल चादर. जाहिरात उलटी करू. 'प्रत्येक चादरीबरोबर पुस्तक फुकट!' वीस मार्चला सभागृह भरलेलं असेल. मी मंचावर उभा राहायचं, सहा मान्यवरांनी चादर धरायची, मी चेंडू ठेवायचा, गोटी सोडायची, टाळ्या.

तू ये. पहिल्या रांगेत बस. तू नसलीस तर लोक विचारतील, ताई कुठे? फक्त एक कर, काही बोलू नकोस. टाळ्या वाजेपर्यंत तरी. तो कापडाचा तुकडा मी बघितलाय, त्याबद्दल नंतर सावकाश बोलू.

तुझा,
धाकटा


५ मार्च

धाकट्या,

मी येणार नाही.

पहिल्या रांगेत बसून गप्प राहणं मला जमणार नाही असं नाही. तुझ्यासाठी गप्प राहायची मला सवय आहे. पण तू गोटी सोडलीस की सगळे गोटीकडे बघतील आणि तू माझ्याकडे बघशील. मग तुझी गोटी कुठे जाईल ते सांगता येत नाही.

तुकडा बघितलास म्हणतोस. बघितलास की बोट फिरवलंस?

तुझे भाऊजी येतील. त्यांना मानाचं आमंत्रण आलंय, 'राष्ट्रीय सामान्य वाचक' म्हणून. कोट उसवून सैल करून दिलाय. त्यांना मधली खुर्ची दे, कडेची दिलीस तर झोपेत पडतील.

तुझा काळा कोट याआधीच पाठवलाय, बाह्यांचं अस्तर बदललंय. नीट घाल. वर्षानुवर्षं तू हात बाही आणि अस्तर यांच्या मधल्या फटीत घालतोस.

ताई


२२ मार्च

प्रिय ताई,

भाऊजींनी तुला सांगितलं असेलच. तरी मी लिहितो, कारण त्यांनी नक्की 'छान झालं' एवढंच सांगितलं असणार.

सभागृह गच्च. सहा मान्यवरांनी चादर ताणली. मी चेंडू ठेवला, खळगा पडला, लोक खुर्चीत पुढे सरकले. गोटी सोडायला हात उचलला आणि तुझी रिकामी खुर्ची दिसली. प्रकाशकांनी तिच्यावर चादरीची घडी ठेवली होती. मी गोटी खिशात टाकली आणि माइकवर म्हणालो, "हा चेंडू खाली का गेला?"

लोक चेंडूकडे बघू लागले. मी पुन्हा विचारलं. एक मान्यवर म्हणाले, "सर, गोटी सोडा ना, हात भरून आले." मी म्हणालो, "सोडतो हो, पण खाली का गेला? ओढणारा खाली आधीच बसलाय. तीस वर्षं मी तुम्हाला ओढण्याचं कारण ओढणंच सांगतोय." अध्यक्षांना वाटलं हा भाषणाचा भाग आहे. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

मग मी कात्री मागितली.

ताई, मी तुझा तुकडा सात आठवडे खिशात घेऊन फिरलो. बोट पहिल्याच दिवशी फिरवलं होतं. त्या रात्री आणि पुढच्या रात्री मला झोप आली नाही. गणित मला येतं, ते कुणी नाकारणार नाही. पण गणित लोकांना सांगायचं म्हटलं की मी चादर काढायचो, आणि टाळ्या पडायच्या, आणि हळूहळू मला स्वतःलाच चादर दिसायला लागली. तुझ्या दोन रेघा बघितल्या तेव्हा लक्षात आलं की मला माहीत असलेली गोष्ट मी पहिल्यांदा बघतोय. हे तुला कळवायला हवं होतं. लाज वाटली म्हणून कळवलं नाही. 'तुझं काम झोपण्याचं' असं लिहिणाऱ्या माणसाने कोणत्या तोंडाने कळवायचं?

तर मंचावर. कात्री आली. मान्यवरांना चादर टेबलावर पसरायला सांगितली, खडूने दोन रेघा मारल्या, पाचर कापली, सुई घेतली. ताई, सुईत दोरा ओवायला अकरा मिनिटं लागतात हे तू मला कधी सांगितलं नव्हतंस. शिवायला अर्धा तास लागला. दोन मान्यवर निघून गेले. अध्यक्ष झोपले. मी शिवत होतो, घाम पुसत होतो, आणि लोक, काय सांगू, बसून राहिले. शेवटी शिवण पुरी झाली, दोरा तोडला, चादर लोकांना दाखवायला उचलली तर माझा हात वर येईना. डाव्या बाहीचं अस्तर मी विश्वाला शिवलं होतं.

मी तसाच, चादरीसकट वळलो आणि उजव्या हाताचं बोट रेघांवरून फिरवलं. दोन्ही रेघा शिवणीवर भेटल्या. अगदी नेमक्या नाहीत, दोन बोटं चुकल्या, पण भेटल्या.

लोक माना उंच करून बघत होते. आणि मग मधल्या खुर्चीतून भाऊजी उभे राहिले. टक्क जागे. चाळीस मिनिटांत ते एकदाही झोपले नव्हते, प्रकाशक घड्याळ लावून बसले होते. ते मोठ्याने म्हणाले, "कळलं!" आणि मग जरा वेळाने, "पण लिफ्टचा मुद्दा वेगळा."

टाळ्या पडल्या का, मला आठवत नाही. एवढं आठवतं की लोकांनी रांग लावली आणि आपापली चादर कापून मागितली. प्रकाशक आता बारा हजार चादरींना टक्स घालायचं म्हणतात. मी सांगितलं, अशी चादर गादीवर बसणार नाही, मध्ये डोंगर होईल. ते म्हणाले, सर, विश्वात थोडी गैरसोय चालते.

कोट चादरीसकट पाठवतोय. उसवण्याआधी एकदा बघ आणि मला सांग, बरोबर आहे का. तू सांगेपर्यंत मी काही लिहिणार नाही.

तुझा,
धाकटा


३० मार्च

धाकट्या,

पार्सल सोडलं. तुझे टाके बघून मी आधी पोटभर हसले. एक टाका बोटभर, एक मुंगीएवढा, आणि दोरा पांढरा. मग रेघांवरून बोट फिरवलं. बरोबर आहे. रेघा भेटतात.

कोट उसवून इस्त्री केला. चादर उसवली नाही, दुकानात भिंतीवर लावली आहे. किल्लीवाला म्हणतो, याहून वाईट शिवण त्याने पाहिलेली नाही.

तू चारचौघांत कबूल केलंस, आता मीही एक गोष्ट कबूल करते. फार वर्षं मनात आहे. तू वाचशील तेव्हा बसून वाच.

मला तुझी पुस्तकं वाचताना कधीही डुलकी लागली नाही. एकदाही नाही. पहिल्या पुस्तकापासून नाही.

लहानपणी तू शाळेतला धडा मला मोठ्याने म्हणून दाखवायचास, मी मशीनवर असायचे. तुला कळलेलं असलं की सावकाश म्हणायचास. कळलेलं नसलं की भरभर, आणि मोठमोठे शब्द घालून. मी एकदा म्हटलं, "इथे तुला कळलेलं नाही," तर दोन दिवस जेवला नाहीस. पुढच्या वेळी मी म्हटलं, "अरे, माझा डोळा लागला, पुन्हा सांग." तू खुशीने पुन्हा सांगितलंस, आणि सांगता सांगता तुला कळलं. तेव्हापासून माझा डोळा लागायला लागला.

पुस्तकांतही तू तसाच लिहितोस. जिथे वाक्य भरभर पळायला लागतं, जिथे टाळी हवी असते, तिथे तुझं तुला कळलेलं नसतं. मी तिथे फुली मारते. तू म्हणतोस ताई झोपली, आणि कापतोस, आणि नव्याने लिहितोस, आणि ते चांगलं होतं. चादरीवर मी अकरा वेळा फुली मारली. ती एकच तू ऐकली नाहीस.

तुला माझी झोप हवी होती, मी झोप दिली. फसवणूक म्हणायची असेल तर म्हण. पण 'तुझं काम झोपण्याचं' असं तू लिहिलंस तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की आता तरी सांगून टाकावं, मी आयुष्यभर किती जागी राहिले ते.

पुन्हा दोन दिवस उपाशी राहू नकोस. आता तुझं वय नाही.

ताई


१४ जून

प्रिय ताई,

दोन दिवस नाही, नऊ दिवस रागावलो होतो. जेवलो मात्र. दहाव्या दिवशी अकराही पुस्तकांच्या जुन्या हस्तप्रती काढल्या आणि फुल्या मोजल्या. चारशे बारा. एकेक फुली काढून कापलेला मजकूर पुन्हा वाचला. प्रत्येक ठिकाणी शोधत होतो की इथे तरी मला कळलेलं असेल, इथे तरी ताई चुकली असेल. चारशे बारापैकी एकही सापडली नाही. मग मला राग यायचा थांबला आणि रडू आलं. संस्थेत एवढे परीक्षक बघितले, पण माझं कुणी इतकं लक्ष देऊन वाचलं नाही.

चौथं प्रकरण नव्याने लिहिलंय. त्यात चादर नाही. एक बाई आहे, तिचं शिवणकामाचं दुकान आहे. बाकीचं पुस्तकही पुन्हा लिहिलं, सावकाश. लिफ्टला सहा दोर दिलेत आणि ब्रेक. भाऊजींना दाखव.

मुखपृष्ठावरचं वाक्य काढायला सांगितलंय. प्रकाशक विचारतात, त्या जागी काय छापू? मी म्हटलं, ताईला विचारून सांगतो.

पाकीट सोबत आहे. या वेळी नियम लिहीत नाही, तरी बघ, चिकटवता आलं.

तुझा,
धाकटा


२ जुलै

धाकट्या,

वाचलं. एकही फुली नाही. दोनदा शोधली, सवयीने.

मुखपृष्ठावर तुझं नाव छापायला सांग, मोठं. दुसरं काही नको.

तुझे भाऊजी सातवं प्रकरण वाचून समाधानाने झोपले, ते धरू नकोस.

पान त्र्याण्णववर, माझ्या त्या दोन रेघांच्या खाली, तुला पेन्सिलीची एक लांब रेघ दिसेल, मजकुरावरून तिरपी घसरत पानाच्या कडेपर्यंत गेलेली. तिचा अर्थ लावत बसू नकोस. वाचता वाचता माझा खरंच डोळा लागला आणि हातातली पेन्सिल घसरली. बारा पुस्तकांत पहिल्यांदा. छान झोप झाली, जाग आली तेव्हा चहाची वेळ टळून गेली होती.

ते पान बदलू नकोस.

तुझी,
ताई